आधी बसायला शिका

आजचं वचन: यहेज्केल ३:१५
सोबत वाचा: यहेज्केल ३:१६-१७ आणि प्रेषितांची कृत्ये २८:१-३



यहेज्केलाचं पुस्तक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चाकात चाक, चार जिवंत प्राणी, सुक्या हाडांनी भरलेलं खोरं. एवढ्या मोठ्या दर्शनांमध्ये आजचं वचन अगदी साधं आहे आणि घाईत वाचलं तर निसटून जातं. संदेष्टा खबार नदीकाठच्या तेल-अबीबला पोचतो. तिथे बंदिवान होऊन आलेले त्याचे लोक राहतात. ते जिथे बसलेत तिथे तो जाऊन बसतो, आणि सात दिवस सुन्न होऊन त्यांच्यातच राहतो.

बस्स. संदेश नाही, चमत्कार नाही, सभा नाही. सात दिवस नुसतं बसणं.

आता हा माणूस कोण होता ते बघा. पुस्तकाच्या पहिल्याच वचनात तिसाव्या वर्षाचा उल्लेख येतो, आणि हे यहेज्केलाचं वय असावं असं बरेच अभ्यासक मानतात. तो याजकाच्या घराण्यातला. गणनेच्या चौथ्या अध्यायात दर्शनमंडपाच्या सेवेसाठी वय सांगितलंय ते तीस वर्षांचं. म्हणजे ज्या वयात यरुशलेमेच्या मंदिरात उभं राहायचं, त्या वयात तो शेकडो मैल दूर, परक्या राज्यात, एका कालव्यासारख्या नदीच्या काठी. तिथे त्याच्यासाठी आकाश उघडलं. देवाचं तेज दिसलं. देवाने त्याला वचनांनी भरलेली गुंडाळी खायला दिली आणि ती मधासारखी गोड लागली. जा आणि माझ्या लोकांशी बोल, असा स्पष्ट हुकूम मिळाला.

इतकं पक्कं पाचारण आपल्यापैकी कुणाला मिळालंय? असा माणूस दुसऱ्याच दिवशी माइक हातात घेईल असं आपल्याला वाटतं. तो गेला आणि गप्प बसला.

मागच्या आठवड्यात आलेल्या एका मेसेजमुळे मी या वचनाजवळ थांबलो. आपल्या तरुण संघातला एक मुलगा सध्या सातपुड्यात आहे, नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या पुढच्या एका पाड्यावर. आयटीतली एक नोकरी सोडून दुसरी सुरू व्हायला दोन महिने होते. ते प्रभूच्या कामाला द्यायचे म्हणून तो तिथल्या सेवकांना मदत करायला गेला. पावरा लोकांची वस्ती. घरात, शेतात, बाजारात बोली पावरी. याचं मराठी हडपसरचं. निघताना बॅगेत गिटार होती, मुलांना शिकवायची गाणी होती, प्रोजेक्टर होता, आणि चौदा दिवसांचं तासावारी प्लॅनिंग एक्सेलमध्ये होतं.

नवव्या दिवशी, टेकडीवर चढून रेंज मिळवून, त्याने लिहिलं:

"दादा, नऊ दिवस झाले. एकही सेशन झालं नाही. मुलांना माझं कळत नाही, मला त्यांचं कळत नाही. लाइट नसते म्हणून प्रोजेक्टर पडून आहे. हे लोक मला रोज जेवू घालतात आणि मी त्यांच्या काहीच उपयोगाचा नाही. परत येऊ का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. सेवेसाठी पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या पोटात तो असतो. आपण द्यायला निघतो, आणि पहिल्या काही दिवसांत कळतं की आपल्या हातात देण्यासारखं काहीच नाही. ज्यांना मदत करायला आलो, तेच आपल्याला पाणी कुठून आणायचं हे दाखवतायत. मग मन म्हणतं, तू चुकीच्या जागी आलायस.

देवाचं वचन काय म्हणतं? तिसऱ्या अध्यायाचा क्रम नीट पाहा. आधी पाचारण. मग गुंडाळी. मग सात दिवसांचं बसणं. आणि सोळाव्या वचनात, ते सात दिवस संपल्यावर, परमेश्वराचं वचन त्याच्याकडे पुन्हा येतं: मी तुला पहारेकरी नेमलंय. सात दिवस हे सेवेत पडलेलं खंड नव्हतं. पहारेकऱ्याने ज्यांच्यासाठी जागायचं, ती माणसं त्याला माहीत हवीत. कुणाचं घर जळालं, कुणाचं मूल वाटेत गेलं, कोण अजून यरुशलेमेच्या दिशेला तोंड करून रडतो, हे गुंडाळीत लिहिलेलं नव्हतं. ते फक्त तेल-अबीबच्या जमिनीवर बसल्यावर कळणार होतं.

अजून एक गोष्ट. याच अध्यायाच्या पाचव्या-सहाव्या वचनांत देव त्याला सांगतो की मी तुला परक्या, न समजणाऱ्या भाषेच्या लोकांकडे पाठवत नाहीये. म्हणजे भाषा तीच, लोक आपलेच, तोही त्यांच्यासारखाच बंदिवान. तरीही सात दिवस. मग जिथे भाषाही वेगळी आहे तिथे नऊ दिवसांत हिशेब कसा मांडायचा?

आपल्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. टीममध्ये नवीन इंजिनिअर येतो. कितीही हुशार असो, पहिल्या आठवड्यात त्याला कुणी प्रॉडक्शनला हात लावू देत नाही. तो जुना कोड वाचतो, लॉग बघतो, टीममधल्या जुन्या माणसाला विचारतो की ही ओळ अशी का लिहिलीय. विचित्र दिसणाऱ्या त्या ओळीमागे बहुतेक वेळा रात्री तीन वाजता कुणीतरी सोसलेलं काहीतरी असतं. यंत्राच्या बाबतीत एवढा धीर आपण धरतो. माणसांच्या वस्तीत मात्र पहिल्याच दिवशी बदल करायला निघतो.

महाराष्ट्रातल्या मंडळीच्या इतिहासातही असेच पहिले दिवस आहेत, आणि ते वर्षभर लांबले. गॉर्डन हॉल हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात, त्यांतला तो एक. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांत हॉल होता, सॅम्युएल नॉट होता. ते जहाजात बसले. वाटेत असतानाच, जून १८१२ मध्ये, अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलं. म्हणजे निघताना ते पाहुणे होते आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याला पोचेपर्यंत शत्रुदेशाचे नागरिक झाले होते. त्यात कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते. परत जा, असा हुकूम झाला.

हॉल, नॉट आणि नॉटची पत्नी रोक्साना हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला पोचले. हॉल अठ्ठावीस वर्षांचा, नॉट त्याहून लहान. तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती. आपली मांजरीसुद्धा पेशवाईत. मुंबईत गव्हर्नर होते सर इव्हान नेपिअन. माणूस स्वतः श्रद्धाळू, पण कलकत्त्याहून आलेला आदेश त्यांच्या टेबलावर होता: यांना इंग्लंडला पाठवा.

आता या तिघांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घर सोडलंय. अर्धी पृथ्वी ओलांडलीय. सोबत निघालेल्यांपैकी हॅरिएट न्यूएल ही एकोणीस वर्षांची मुलगी मॉरिशसमध्ये वारलीय. आणि जिथे सेवा करायची तिथे राहायचीच परवानगी नाही. कुठल्या दिवशी जहाजात बसवतील सांगता येत नाही. अशा वेळी भाषा शिकायला सुरुवात करण्यात काय अर्थ? तुम्ही-आम्ही असतो तर म्हटलं असतं, आधी व्हिसाचं बघू, मग पुस्तक उघडू.

त्यांनी मराठी शिकायला घेतली. एकीकडे गव्हर्नरला विनंतीपत्रं, दुसरीकडे मराठीची बाराखडी. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात हॉल आणि नॉट गुपचूप जहाजाने निघून कोचीनपर्यंत गेले आणि तिथून त्यांना परत आणण्यात आलं. वर्षाअखेरीस इंग्लंडच्या जहाजात बसवायची तयारीही झाली. हॉलने नेपिअनना अगदी विवेकाला हात घालणारं पत्र लिहिलं, आणि ऐन वेळी पाठवणी थांबली. पुढे राहायची परवानगी मिळाली. म्हणजे पहिलं संपूर्ण वर्ष त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. आजच्या भाषेत रिपोर्टमध्ये टाकायला एक फोटोसुद्धा नव्हता.

पण भाषा शिकण्याचं ते काम थांबलं नाही, आणि त्यातून काय उगवलं ते पाहा. १८१५ मध्ये मुंबईत मुलांसाठी शाळा. मग छापखाना, आणि १८१७ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापून बाहेर. १८२४ मध्ये मुलींची शाळा. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका याच मिशनमध्ये आली, पुढे नगरला गेली. नगरमधली अमेरिकन मिशनची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींचा वर्ग सुरू झाला. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात. मुंबईतल्या मिशन छापखान्यात काम शिकलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक झाले. या सगळ्याचा हिशेब १८१३ साली बाराखडी गिरवणाऱ्या त्या तिघांना कुणी दिला नव्हता. हॉलच्या हयातीत तर बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतकेच होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या काळच्या मिशनऱ्यांची पत्रं वाचताना आपल्याला ठेच लागते. आपल्या आजी-पणज्यांबद्दल, त्यांच्या सणांबद्दल, त्यांच्या देवळांबद्दल कठोर आणि अजाण शब्द त्यांत सापडतात. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसाचा तोरा त्यांत आहे. तो झाकायची गरज नाही. देवाने त्यांना वापरलं म्हणून त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. म्हणून तर बसण्याची गरज जास्त. माणसांच्या शेजारी न बसता त्यांच्याबद्दल जे बोललं जातं, ते दूरवरून केलेलं बोलणं असतं, आणि ते वर्षानुवर्षं लोकांना टोचत राहतं.

पण हॉलचा शेवट माझ्या मनातून जात नाही. मार्च १८२६. तो नाशिककडे गेला होता आणि तिथे कॉलऱ्याने माणसं मरत होती. जवळचं औषध त्याने आजाऱ्यांना वाटून टाकलं. परतीच्या वाटेवर, सिन्नरच्या बाजूला दोडी-दापूरपाशी, रात्री तो एका देवळाच्या ओसरीवर अंथरूण टाकून झोपला. पहाटे त्यालाच कॉलऱ्याने गाठलं, आणि २० मार्चला, काही तासांतच तो गेला. वय एक्केचाळीस. ज्याला तेरा वर्षांपूर्वी मुंबईत राहायची परवानगी नव्हती, तो गावच्या लोकांमध्ये, त्यांच्याच दुखण्याने, त्यांच्याच ओसरीवर गेला. देवळांबद्दल त्याने जे काही लिहिलं असेल ते असो. शेवटच्या रात्री पाठ टेकायला जागा त्याला एका देवळानेच दिली. पाहुणचार घेणारा शेवटपर्यंत तोच राहिला. मला यात देवाची मोठी कृपा दिसते.

पाहुणचारावरून सोबतचा दुसरा शास्त्रभाग आठवा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २८. गलबत फुटून पौल माल्टा बेटावर पोचतो. ओला, थंडीने गारठलेला. तिथल्या अनोळखी लोकांची भाषा वेगळी. आणि पहिल्या दिवशी सेवा कोण करतं? ते लोक. पाऊस पडतोय, थंडी आहे, म्हणून ते शेकोटी पेटवतात आणि सगळ्यांना जवळ घेतात. एवढा मोठा प्रेषित त्या दिवशी काय करतो? काटक्या गोळा करतो. आजारी माणसांवर हात ठेवणं नंतर आलं. पहिल्या दिवशी ज्यांच्या शेकोटीची ऊब घेतली, त्यांच्या शेकोटीसाठी काटक्या. जे मिळतंय ते आनंदाने घेणं आणि हाताला येईल ते छोटं काम करणं, पहिल्या दिवसांची सेवा एवढीच असते. आणि ती पुरेशी असते.

हेच मी त्या मुलाला लिहिलं. म्हटलं, "अरे, तू अजून नवव्याच दिवसावर आहेस. यहेज्केलापेक्षा दोनच दिवस पुढे. प्लॅनिंगची शीट बंद कर. घरातले काय करतायत ते बघ आणि त्यांच्या शेजारी बस."

या दिवसांत तिकडे घराघरांत आमचूर करायचं काम असतं. कैऱ्या सोलायच्या, कापायच्या, फोडी उन्हात वाळत घालायच्या. तीन दिवसांनी त्याचा मेसेज आला. तो दिवसभर एका आजीजवळ बसून कैऱ्या कापत होता. कोयत्याला, सालीला, उन्हाला, सावलीला काय म्हणतात ते मुलं त्याला शिकवत होती. त्याचा उच्चार ऐकून पोट धरून हसत होती. त्याने शब्द वहीत लिहून काढले, एकोणीस झाले. संध्याकाळी मुलांनीच त्याला विचारलं, तुझं ते वाजवायचं लाकूड दाखव ना. गिटार त्या दिवशी पहिल्यांदा बॅगेबाहेर आली.

हा मोठा चमत्कार नाही, मला माहीत आहे. कुणाचं आयुष्य पालटलं असं मी म्हणत नाही. पण मुलं शिकवणारी झाली आणि तो शिकणारा झाला, आणि शुभवर्तमान जगात नेमकं याच दिशेने आलं. फिलिप्पैच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की आपल्या प्रभूने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. जो शब्द होता, ज्याच्याद्वारे सगळं निर्माण झालं, तो मरीयेच्या मांडीवर बसून एकेक शब्द बोलायला शिकला. नासरेथमध्ये तो तीस वर्षं राहिला. सुतारकाम, शेजारीपाजारी, लग्नं, मयतं. उघड सेवा त्यानंतर साधारण तीन वर्षांची. देवाच्या पुत्राला हे प्रमाण चाललं, तर आपल्याला नऊ दिवस जड का व्हावेत?

आता एक धोकाही सांगतो, कारण आपण हुशार लोक आहोत आणि कुठल्याही वचनातून पळवाट काढू शकतो. "मी अजून बसण्याच्या स्टेजला आहे" असं म्हणत वर्षं घालवता येतात. यहेज्केल सात दिवस बसला, सात वर्षं नाही. आणि तो सोफ्यावर बसला नव्हता, बंदिवानांमध्ये बसला होता. आठव्या दिवशी देव बोलला तेव्हा त्याला तोंड उघडावंच लागलं, आणि पहारेकऱ्याने वेळेवर हाक दिली नाही तर त्याचा जाब मागितला जाईल, असंही त्याला त्याच वेळी सांगितलं गेलं. बसणं हे बोलण्याऐवजी करायचं काम नाही. ते बोलण्याआधीचं काम आहे.

शेवटी आपल्या घराजवळ येऊ. सगळ्यांनाच सातपुड्यात जाता येणार नाही. पण मांजरीतच बघा ना. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जिथे ऊस आणि द्राक्षं होती तिथे आपले टॉवर उभे आहेत. गावठाणातल्या लोकांसाठी आपणच बाहेरून आलेले. आणि प्रत्येक नव्या टॉवरच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग असते. तिथे छत्तीसगडी, ओडिया, बंगाली, भोजपुरी, कन्नड ऐकू येते. आपण रोज त्या रांगेवरून स्कूटर नेतो. नाताळात तिथे केक आणि ब्लँकेट वाटतो, फोटो काढतो आणि वीस मिनिटांत परत येतो. वाटणं चांगलंच आहे, ते बंद करू नका. पण तिथल्या एका तरी माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे का? त्याच्या भाषेत "जेवलात का?" कसं विचारतात, हे माहीत आहे का?

याच आपल्या मांजरी स्टेशनवरून दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. संस्कृतची पंडिता म्हणून कलकत्त्यात गाजलेली बाई. पण साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावं म्हणून ती उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि १९२२ मध्ये प्रभूकडे जाईपर्यंत त्या भाषांतरावर काम करत राहिली. बसून शिकण्याचे दिवस फक्त पहिल्या आठवड्यात येत नाहीत. सेवकाला ते आयुष्यभर पुरतात.

या आठवड्यासाठी एक छोटी गोष्ट करून बघा. एक माणूस निवडा, ज्याची भाषा तुमची नाही. वॉचमन असेल, इस्त्रीवाला असेल, ऑफिसमधला कुणी असेल जो कॅन्टीनमध्ये एकटा जेवतो. सात दिवस रोज दहा मिनिटं त्याच्याजवळ थांबा. काही वाटायचं नाही, काही सांगायचं नाही. त्याचं नाव, त्याचं गाव, आणि रोज त्याच्या भाषेतला एक शब्द. सातव्या दिवशी देवाला विचारा, प्रभू, आता मी काय बोलू? बघा, प्रार्थना किती वेगळी होते.

चला, प्रार्थना करू या.

हे देवबापा, आम्हाला लवकर उपयोगी पडायची घाई आहे, आणि त्या घाईत आमचा अहंकारही मिसळलेला आहे, हे तू जाणतोस. तुझ्या पुत्राने आमच्यामध्ये वस्ती केली, आमची भाषा शिकली, आमची भाकर खाल्ली. जे आज पहिल्यांदा घरापासून दूर, परक्या बोलीच्या लोकांत तुझ्यासाठी गेले आहेत आणि रात्री अंथरुणावर पडून स्वतःला निरुपयोगी समजत आहेत, त्यांच्याजवळ राहा. त्यांना जेवू घालणाऱ्या हातांना आशीर्वाद दे. आम्हाला बसायला शिकव, ऐकायला शिकव, आणि तू सांगशील तेव्हा न घाबरता बोलायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.